ओल्ड फॅशन्ड : 'जुने' होण्यापूर्वी या पेयाचे नाव काय होते?

१/
कोणतीही वस्तू जन्मतः जुनी नसते. तरीही व्हिस्कीच्या एका जगप्रसिद्ध कॉकटेलचे नावच 'ओल्ड फॅशन्ड', म्हणजे 'जुन्या पद्धतीचे', असे आहे. ज्याने ते प्रथम ढवळले, त्याने हे नाव ठेवलेले असणे शक्य नाही. मग ते कोणी ठेवले, केव्हा ठेवले, आणि त्याआधी त्याच पेल्यातल्या त्याच पेयाला लोक काय म्हणत असत? हा थ्रेड त्या नावाच्या शोधाचा आहे.

२/
आधी कृती पाहू, कारण पुढचा सारा वाद तिच्याभोवती फिरतो. जाड बुडाच्या बुटक्या पेल्यात साखरेचा एक खडा ठेवायचा. त्यावर बिटर्सचे दोन-तीन शिंतोडे आणि किंचित पाणी टाकून तो विरघळवायचा. मग ४५ मिलिलिटर बर्बन किंवा राय व्हिस्की ओतायची, बर्फ घालून ढवळायचे आणि वरून सालीचा एक तुकडा पिळायचा. संपले.

बिटर्स म्हणजे मुळ्या, साली आणि मसाले मद्यार्कात मुरवून काढलेला अतिशय कडू अर्क. त्यात बहुधा जेन्शियन या वनस्पतीचे मूळ असते. घरच्या काढ्यात पडणारे काडेचिराईत याच जेन्शियनच्या कुळातले. ज्यांनी तो काढा लहानपणी नाक दाबून प्यायला आहे, त्यांना बिटर्सची अधिक ओळख करून देण्याची गरज नाही.

३/
आता १८०६ सालात जाऊ. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात हडसन नावाचे गाव आहे. तेथून 'द बॅलन्स अँड कोलंबियन रिपॉझिटरी' हे वृत्तपत्र निघत असे. त्या वर्षीच्या मे महिन्यात त्याने निवडणुकीत आपटलेल्या एका स्थानिक उमेदवाराची टिंगल करण्यासाठी त्याचा जमाखर्च छापला. खर्चाच्या बाजूला ७२० पेले रम-ग्रॉग, १७ पेले ब्रँडी-ग्रॉग, ३२ जिन-स्लिंग, ४११ पेले बिटर्स, २५ पेले 'कॉक-टेल', आणि शेवटी स्वतःची निवडणूक. जमेच्या बाजूला शून्य. मतदारांना पाजण्याची प्रथा किती जुनी आहे, हेही त्यावरून कळते.

४/
हा मजकूर वाचून एका वाचकाने संपादकाला विचारले, की बाकीची पेये ठाऊक आहेत, पण हे 'कॉक-टेल' काय प्रकरण आहे? १३ मे १८०६ च्या अंकात संपादकाने उत्तर दिले. त्याचा आशय असा : कॉकटेल म्हणजे कोणतेही मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स यांचे उत्तेजक मिश्रण, सामान्य लोक त्याला 'बिटर्स घातलेली स्लिंग' म्हणतात. निवडणुकीच्या प्रचारात ते फार उपयोगी पडते, कारण ते गिळलेला माणूस पुढे काहीही गिळायला तयार होतो, अशी कोपरखळीही त्याने मारली.

कॉकटेल या शब्दाची छापील स्वरूपातील ही पहिली ज्ञात व्याख्या. वर दिलेली कृती तिच्याशेजारी ठेवून पाहा. मद्य, साखर, पाणी, बिटर्स. चारही घटक जसेच्या तसे.

५/
हा संपादक म्हणजे हॅरी क्रॉसवेल. केवळ विनोदी वृत्तीचा गृहस्थ म्हणून त्याला सोडून देता येणार नाही. राष्ट्राध्यक्ष जेफर्सन यांच्या बदनामीचा खटला त्याच्यावर चालला होता, आणि १८०४ मध्ये त्याच्या बाजूने अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी युक्तिवाद केला होता. छापलेला मजकूर सत्य असेल तर तो बचाव म्हणून ग्राह्य धरावा, ही मागणी अमेरिकेच्या कायद्याच्या इतिहासात या खटल्यामुळे ठळक झाली. एकाच माणसाच्या नावाशी वृत्तपत्रस्वातंत्र्याचा खटला आणि कॉकटेलची व्याख्या या दोन्ही गोष्टी जोडल्या जाव्यात, हा योगायोग विलक्षण आहे.

६/
शब्द मात्र व्याख्येहून जुना. १७९८ मध्ये लंडनच्या 'मॉर्निंग पोस्ट'मध्ये आणि १८०३ मध्ये एका अमेरिकन नियतकालिकात तो पेयाच्या संदर्भात आढळतो.

त्यामुळे एक लाडकी कथा निकालात निघते. ती अशी, की न्यू ऑर्लिन्समधील औषधविक्रेते आंत्वान पेशो आपले मिश्रण अंडे ठेवण्याच्या छोट्या पेल्यातून देत. त्या पेल्याला फ्रेंच भाषेत 'कोक्तिये' म्हणतात, आणि त्याचाच अपभ्रंश 'कॉकटेल'. कथा गोड आहे. पण पेशो यांचा जन्मच १८०३ च्या सुमाराचा. क्रॉसवेल व्याख्या छापत होता तेव्हा ते दुडुदुडू धावणारे मूल असणार. पेशो यांचे बिटर्स पुढे खरोखरच प्रसिद्ध झाले आणि आजही मिळते. शब्दाचे पितृत्व तेवढे त्यांच्याकडे जात नाही.

७/
पेयाला नाव कशावरून द्यायचे, हा प्रश्न कॉकटेलच्या कितीतरी आधीचा आहे, आणि त्याचे एक जुने उत्तर थेट गोव्यातून येते. ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर १६७० च्या दशकात पश्चिम किनाऱ्यावर हिंडला. १६९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तात त्याने लिहिले आहे, की गोव्याजवळच्या नेरूळ येथे उत्तम अरक मिळते आणि या किनाऱ्यावरचे इंग्रज त्यापासून 'पाँच' नावाचे पेय करतात. पाच घटकांचे म्हणून ते पाँच. इंग्रजीतला 'पंच' हा शब्द आपल्या 'पाच'वरून आला, या मताचा हा एक प्रमुख आधार.

सर्व अभ्यासकांना ही व्युत्पत्ती मान्य नाही. कोणी ती 'पंचन' या पिंपाच्या नावाशी जोडतात. तरी सतराव्या शतकातल्या इंग्रजाच्या कानाला ते नाव 'पाच' असे ऐकू येत होते, एवढे निश्चित.

८/
या पंचने युरोप आणि अमेरिका व्यापली. पण पंच म्हणजे मोठ्या कटोऱ्यात करून दहाजणांनी वाटून घ्यायचे पेय. एका माणसासाठी, एका पेल्यात, लिंबू आणि मसाले वगळून केलेले त्याचे सुटसुटीत भावंड म्हणजे स्लिंग : मद्य, साखर, पाणी.

त्यात बिटर्स कसे आले? औषधाच्या वाटेने. लंडनच्या रिचर्ड स्टॉटन यांनी १७१२ मध्ये आपल्या कडू अर्काचे पेटंट घेतले होते. पोट बिघडले, भूक मेली, आदल्या रात्रीची नशा उतरली नाही, की लोक असे थेंब घेत. औषध कडू म्हणून त्यात मद्य आणि साखर घातली, की मद्य आणि साखर हवी म्हणून त्यात औषध घातले, याचा निवाडा करणे कठीण. व्याख्येतली चौथी वस्तू मात्र अशी औषधाच्या कपाटातून आलेली आहे.

९/
१८०६ च्या व्याख्येत बर्फ नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आले असेल. त्याच वर्षी फेब्रुवारीत बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर यांनी गोठलेल्या तळ्यांतून कापलेला बर्फ जहाजात भरून मार्टिनिक बेटाकडे धाडला. लोक हसले. पुढे याच व्यापाराने १८३३ मध्ये कलकत्ता गाठले, आणि मग मुंबई व मद्रासही. अमेरिकेत तर काही दशकांत बर्फ ही साध्या खानावळीतही मिळणारी वस्तू झाली आणि कॉकटेल थंड झाले.

१०/
१८६२ मध्ये जेरी थॉमस यांचे पुस्तक निघाले. मिश्र पेयांच्या कृतींचे अमेरिकेत छापलेले हे पहिले महत्त्वाचे पुस्तक. त्यात 'व्हिस्की कॉकटेल' आहे. साखरेचा पाक तीन-चार शिंतोडे, बिटर्स दोन शिंतोडे, व्हिस्की एक वाइन-ग्लास (म्हणजे सुमारे ६० मिलिलिटर), लिंबाच्या सालीचा तुकडा. बारीक बर्फावर हलवायचे, गाळायचे, नाजूक पेल्यात द्यायचे.

खड्याऐवजी पाक, ढवळण्याऐवजी हलवणे, बुटक्या पेल्याऐवजी देठाचा पेला. इथपर्यंत बदल वरवरचे आहेत. नाव अजून सरळ आहे : मद्याचे नाव, पुढे 'कॉकटेल' हा प्रकार. ब्रँडी कॉकटेल, जिन कॉकटेल, व्हिस्की कॉकटेल. मसाले भात, वांगी भात म्हणावे तसे.

११/
मग स्पर्धा वाढली आणि विशेषणे सुरू झाली. थॉमस यांच्या पुस्तकात साध्या कॉकटेलजवळ 'फॅन्सी' कॉकटेल आहेच. १८७६ च्या आवृत्तीत 'इम्प्रूव्ह्ड', म्हणजे सुधारित, कॉकटेल आले. सुधारणा कोणती? मरास्किनो हे चेरीचे गोड मद्य आणि अॅबसिंथचे थेंब. पेयालासुद्धा सुधारणावादी युग असते, असे म्हणायला हरकत नाही.

१२/
खरा भूकंप झाला तो वर्मूथमुळे. वर्मूथ म्हणजे वनस्पतींनी सुगंधित केलेली वाइन. ती इटली आणि फ्रान्समधून येत असे. १८८० च्या दशकात व्हिस्की, वर्मूथ आणि बिटर्स यांचे 'मॅनहॅटन' कॉकटेल लोकप्रिय झाले; १८८४ मध्ये तर ओ. एच. बायरन यांच्या पुस्तकात त्याच्या दोन वेगवेगळ्या कृती सापडतात.

या पेयात साखरेचे काम वर्मूथने उचलले आणि पाणी बर्फाचे. तरीही त्याला कॉकटेलच म्हणायचे. म्हणजे १८०६ मध्ये एका विशिष्ट पेयाचे असलेले नाव आता अख्ख्या जमातीचे झाले. शब्दाचे राज्य विस्तारले आणि त्या विस्तारात मूळ पेयच बेघर झाले.

१३/
कल्पना करा, की १८८० च्या आसपास एक वयस्क गिऱ्हाईक बारपाशी येऊन 'व्हिस्की कॉकटेल' मागते. त्याला अपेक्षित आहे तरुणपणी मिळायचे ते : साखर, बिटर्स, व्हिस्की. समोर येते मरास्किनो, अॅबसिंथ आणि सजावट घातलेले काहीतरी. तेव्हा तो काय म्हणेल? 'हे नको, जुन्या पद्धतीचे द्या.'

नाव असे जन्मले. ते शोध लावणाऱ्याने ठेवले नाही. तक्रार करणाऱ्याने ठेवले.

१४/
ही प्रक्रिया मराठी वाचकाला नवी नाही. यंत्रमाग येण्यापूर्वी 'हातमाग' हा शब्द कोणाला लागत होता? माग म्हणजे मागच. तो हातानेच चालायचा. १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पाहायला गेलेला प्रेक्षक 'मूकपट' पाहायला गेला नव्हता. १९३१ मध्ये 'आलम आरा' बोलू लागला आणि आधीचे सारे चित्रपट मुके ठरले. ब्रॉयलर आली आणि अंगणातली कोंबडी 'गावठी' झाली. नवे येते तेव्हा ते स्वतःचे नाव तर घेतेच, शिवाय जुन्यालाही नवे नाव घ्यायला भाग पाडते. 'ओल्ड फॅशन्ड' हे याच जातीचे, मागाहून मिळालेले नाव.

१५/
पुरावा? फेब्रुवारी १८८० च्या 'शिकागो ट्रिब्यून'मध्ये 'ओल्ड-फॅशन्ड कॉकटेल्स' असा उल्लेख आहे. तो अनेकवचनी आहे आणि सहज बोलण्यातला आहे, हे महत्त्वाचे. वाचकाला समजावून सांगण्याची गरज लिहिणाऱ्याला वाटली नाही, म्हणजे शब्दप्रयोग तोवर रुळलेला होता. १८८८ मध्ये शिकागोच्याच थिओडोर प्रूल्क्स यांच्या पुस्तकात त्या नावाखाली कृतीही छापून आली.

१६/
१८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉलंड हाऊस हॉटेलातील जॉर्ज कॅपलर यांनी 'ओल्ड-फॅशन्ड व्हिस्की कॉकटेल'ची कृती दिली. व्हिस्कीच्या पेल्यात साखरेचा लहान खडा थोड्या पाण्यात विरघळवा. अँगोस्टुराचे दोन शिंतोडे, बर्फाचा लहान तुकडा, लिंबाची साल आणि एक जिगर व्हिस्की घाला. छोट्या चमच्याने ढवळा आणि चमचा पेल्यातच राहू द्या.

पेला, खडा, चमचा या तिन्ही गोष्टींचा आग्रह पाहण्यासारखा आहे. येथे काही गाळले जात नाही, हलवले जात नाही, एका भांड्यातून दुसऱ्यात जात नाही. जुन्या पद्धतीचे म्हणजे नेमके काय, तर ज्या पेल्यात बनवले त्याच पेल्यात दिलेले.

१७/
कृतीतल्या अँगोस्टुराची गंमत स्वतंत्र आहे. योहान झिगर्ट हे जर्मन शल्यचिकित्सक बोलिव्हार यांच्या सैन्यात होते. व्हेनेझुएलातील अँगोस्टुरा या गावी त्यांनी १८२४ मध्ये हा कडू अर्क सिद्ध केला. अर्काला गावाचे नाव मिळाले. १८४६ मध्ये गावाचे नाव बदलून सिउदाद बोलिव्हार झाले. १८७० च्या दशकात कारखानाही त्रिनिदादला गेला. अँगोस्टुरा नावाच्या झाडाची साल असते, पण ती या बिटर्समध्ये नसते. म्हणजे गाव उरले नाही, पत्ता उरला नाही, झाडाचा संबंध नाही. बाटलीवरचे नाव तेवढे ठाम आहे.

१८/
कॅपलर यांच्या नावात अजून 'व्हिस्की कॉकटेल' ही नामे शिल्लक आहेत. पुढे रोजच्या वापरात ती गळून पडली आणि विशेषणच नाम झाले. 'एक ओल्ड फॅशन्ड' एवढे पुरेसे ठरले. नंतर तर ज्या बुटक्या पेल्यात ते देत त्या पेल्यालाच 'ओल्ड फॅशन्ड ग्लास' म्हणू लागले. भांड्यावरून पदार्थाला नाव मिळाल्याची उदाहरणे पुष्कळ, पंचच्या बाबतीत तोच वाद आपण पाहिला. येथे उलटे घडले.

१९/
मॅनहॅटनच्या घराण्यात नामकरणाची पद्धत वेगळी. गोड वर्मूथऐवजी कोरडी वापरली तर 'ड्राय', दोन्ही सारख्या प्रमाणात घेतल्या तर 'परफेक्ट'. आणि अमेरिकन व्हिस्की काढून स्कॉच घातली, की नावच बदलून 'रॉब रॉय'. स्कॉटलंडच्या लोकनायकाचे हे नाव १८९० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये गाजलेल्या एका संगीतिकेवरून आले.

ओल्ड फॅशन्डमध्ये मद्य बदलले तरी नाव कायम राहते. फक्त आधी रम, ब्रँडी, मेझ्काल असे काहीतरी जोडतात. एका घराण्यात नाव घटकांना चिकटलेले, दुसऱ्यात कृतीच्या सांगाड्याला. क्रॉसवेलच्या व्याख्येत 'कोणतेही मद्य' होते, याची येथे आठवण व्हावी.

२०/
आता सर्वांत प्रसिद्ध दंतकथेकडे. केंटकी राज्यातील लुईव्हिल शहरात पेन्डेनिस क्लब आहे. तेथील एका बारमनने व्हिस्कीचे कारखानदार कर्नल जेम्स पेपर यांच्या सन्मानार्थ ओल्ड फॅशन्ड निर्माण केले आणि कर्नलसाहेबांनी ते न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ हॉटेलात नेले, असे सांगतात. १९३० च्या दशकात अॅल्बर्ट क्रॉकेट यांनी वॉल्डॉर्फच्या जुन्या बारविषयी जी पुस्तके लिहिली, त्यांतून ही कथा दूरवर पसरली.

२१/
क्लबची स्थापना १८८१ ची. शिकागोच्या वृत्तपत्रातला उल्लेख १८८० चा. येथे वाद संपायला हवा.

पण तो संपत नाही. ज्या पेयाचे नाव गर्दीने ठेवले, त्याचा जनक कोण, हे सांगता येत नाही. आणि माणसाला जनक हवा असतो. शिवाय कर्नल पेपर यांना व्हिस्की विकायची होती, क्लबला प्रतिष्ठा हवी होती, हॉटेलला किस्से हवे होते. मॅनहॅटनचीही अशीच कथा आहे : विन्स्टन चर्चिल यांच्या आईने १८७४ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन क्लबात सॅम्युएल टिल्डन यांच्यासाठी मेजवानी दिली आणि तेथे ते पेय जन्मले. प्रत्यक्षात त्या इंग्लंडमध्ये होत्या. चर्चिल यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८७४ रोजी ब्लेनहाइम प्रासादात झाला. थोरामोठ्यांचे नाव आणि एक संध्याकाळ, एवढ्या भांडवलावर दंतकथा उभी राहते. तिच्यापुढे तारखांचा इलाज चालतो, पण लोकांना तो कडू लागतो.

२२/
१७ जानेवारी १९२० पासून अमेरिकेत दारूबंदी अमलात आली. ती ५ डिसेंबर १९३३ रोजी उठली. या जवळजवळ चौदा वर्षांत अनेक कुशल बारमनांनी देश सोडला. त्यांपैकी हॅरी क्रॅडॉक लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात प्रसिद्धीस आले. त्यांच्या १९३० च्या पुस्तकातल्या ओल्ड फॅशन्डमध्ये लिंबाच्या सालीबरोबर संत्र्याची चकतीही आहे, आणि व्हिस्कीऐवजी ब्रँडी, जिन किंवा रम चालेल, असेही नमूद आहे.

बंदी उठल्यावर अमेरिकेत जे ओल्ड फॅशन्ड सर्वत्र दिसू लागले त्यात संत्र्याची फोड आणि लालभडक चेरी साखरेबरोबर ठेचलेली असे. बंदीच्या काळातल्या भिकार दारूची चव झाकण्यासाठी फळे आली, असे सर्रास सांगितले जाते. हे स्पष्टीकरण सोयीचे आहे. पण जेथे दारूबंदी नव्हती त्या लंडनच्या उंची हॉटेलातही संत्रे पोहोचले होते, हे त्याला छेद देते.

२३/
१ जानेवारी १९३६ च्या 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये 'ओल्ड टायमर' या सहीने एक पत्र छापून आले. पत्रलेखकाचे म्हणणे असे, की पूर्वी बारमन साखरेचा खडा बिटर्सने भिजवी, बर्फाचा एक तुकडा टाकी, छोटा चमचा ठेवी आणि पेल्यासोबत चांगल्या बर्बनची बाटलीच गिऱ्हाइकासमोर सरकवी. किती ओतायचे ते गिऱ्हाइकाने ठरवायचे. किंमत १५ सेंट, दोन घेतले तर २५. आणि आता पाहावे तर पेल्यात फळांचा नुसता ढीग!

पन्नास-साठ वर्षांपूर्वीची तक्रार शब्दशः परतली होती. फरक इतकाच, की आता 'जुन्या पद्धतीचे द्या' म्हणण्याची सोय उरली नव्हती. ज्याविरुद्ध तक्रार करायची त्याचेच नाव 'जुन्या पद्धतीचे' होते.

२४/
१९४५ मध्ये हॅरी ट्रुमन राष्ट्राध्यक्ष झाले. व्हाइट हाऊसमधील बटलर अलोन्झो फील्ड्स यांच्याकडे बेस ट्रुमन यांनी संध्याकाळी दोन ओल्ड फॅशन्ड मागितले. फील्ड्स यांनी मन लावून ते केले. संत्र्याची चकती, बिटर्स, सगळे. बाईंना ते फार गोड वाटले. दुसऱ्या वेळी त्यांनी कृती बदलली, तरी नापसंतीच. अखेर वैतागून फील्ड्स यांनी बर्फावर नुसती बर्बन ओतून दिली. बाईंनी घोट घेतला आणि ओल्ड फॅशन्ड हे असे आवडते, असे समाधानाने सांगितले.

साखर गेली, बिटर्स गेले, पाणी बर्फापुरते. देशाच्या प्रथम महिलेच्या लेखी नाव मात्र तेच.

२५/
विस्कॉन्सिन राज्यात याच्या अगदी उलट टोक सापडते. तेथे ओल्ड फॅशन्ड म्हटले की ब्रँडीच गृहीत धरतात. व्हिस्की हवी असेल तर तसे स्पष्ट सांगावे लागते. संत्रे, चेरी आणि साखर ठेचून वर सोडा-पेय ओततात. त्यामुळे मागणी नोंदवताना आणखी एक शब्द जोडावा लागतो : लिंबाच्या गोड सोड्याचे हवे तर 'स्वीट', आंबट पेयाचे हवे तर 'सावर', गोड आणि साधा सोडा निम्मे-निम्मे हवे तर 'प्रेस'. केंटकीचा शुद्धतावादी हे पाहून कपाळावर हात मारेल. पण विस्कॉन्सिनमधली दोन-तीन पिढ्यांची कुटुंबे शुक्रवारी रात्री मासे खायला बसतात तेव्हा हेच पितात, आणि त्यांच्या आजोबांनीही हेच प्यायले होते. त्यांच्यापुरते जुन्या पद्धतीचे हेच. त्यांना चूक कोणत्या न्यायाने ठरवायचे?

२६/
बर्बनच्या नावाला कायद्याचे कुंपण आहे. धान्यात किमान ५१ टक्के मका, मुरवण यासाठी आतून जाळलेली ओकची नवी पिंपे, आणि १९६४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने केलेला ठराव, की बर्बन हे अमेरिकेचे वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन आहे. स्कॉच तर स्कॉटलंडबाहेर होऊच शकत नाही. व्हिस्कीच्या इंग्रजी लेखनात एक अक्षर जास्त की कमी, यावरही आयर्लंड, अमेरिका आणि स्कॉटलंडचे लोक हमरीतुमरीवर येतात. देवनागरीने तो तंटा एका फटक्यात मिटवला आहे, हे तिचे श्रेय.

कॉकटेलच्या नावाला असे कुंपण नाही. बाटलीत काय आहे हे सरकार तपासते; पेल्यात काय आहे हे पिणारा आणि पाजणारा यांनी आपसात ठरवायचे.

२७/
एकविसाव्या शतकाच्या आरंभी बारमन पुन्हा जुनी पुस्तके उघडू लागले. २००७ मध्ये सुरू झालेल्या 'मॅड मेन' मालिकेच्या नायकाने पहिल्याच दृश्यात ओल्ड फॅशन्ड मागितले आणि तरुण पिढीला ते नाव नव्याने माहीत झाले. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये फिल वॉर्ड यांनी टकीला आणि मेझ्काल वापरून 'वाहाका ओल्ड फॅशन्ड' केले. कोणतेही मद्य, साखर, पाणी, बिटर्स : हडसनच्या संपादकाने ते बिनतक्रार कॉकटेल म्हणून मान्य केले असते.

२८/
२०१५ मध्ये लुईव्हिल शहराने ओल्ड फॅशन्डला आपले अधिकृत कॉकटेल घोषित केले. १८८१ च्या क्लबची कथा तेथे आजही आवडीने सांगितली जाते.

आणि आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या अधिकृत कृतीत ४५ मिलिलिटर बर्बन किंवा राय, साखरेचा एक खडा, अँगोस्टुराचे काही शिंतोडे आणि साध्या पाण्याचे काही शिंतोडे आहेत. थेट १८०६. सजावटीच्या ओळीत मात्र संत्र्याची चकती किंवा साल, आणि एक चेरी.